बोकडाच्या मेंदूपासून प्रयोगशाळेपर्यंत: मेंदूविज्ञान शिकण्याचा योग्य क्रम

विदर्भातील तालुक्याच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान घेऊन बी.एस्सी. करणारे अनेक विद्यार्थी मेंदूविज्ञानाकडे वळू पाहतात आणि पहिल्या काही महिन्यांतच अडतात. बहुतेक वेळा त्यांचा क्रम चुकलेला असतो. स्मृती, स्वप्ने आणि जाणीव यांवरचे व्हिडिओ आधी पाहून होतात, मग मेंदूच्या भागांची नावे पाठ होतात, आणि चेतापेशीच्या पटलाच्या दोन बाजूंना विद्युतदाब का असतो हा पहिला प्रश्न शेवटपर्यंत तसाच राहतो. पुढे एखाद्या संस्थेच्या मुलाखतीत "हे उपकरण नेमके काय मोजते?" असे विचारले गेले की पाठ केलेली नावे कामी येत नाहीत.

उपकरण नेमके काय मोजते, याच प्रश्नाभोवती खालील क्रम बांधला आहे. त्यासाठी लागणारी साधने महाविद्यालयात, आठवडी बाजारात आणि औषधांच्या दुकानात मिळतात. सुरुवात शक्यतो ऑक्टोबरमध्ये करावी, कारण ऊतींचे काम नोव्हेंबर ते जानेवारी या थंड महिन्यांतच नीट होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना ताजा मेंदू बाजारातून महाविद्यालयापर्यंत चांगल्या अवस्थेत पोहोचत नाही.

## टप्पा १: वही, गणित आणि परवानगी

पक्क्या बांधणीची एक वही घ्यावी, पानांना क्रमांक द्यावेत आणि सर्व नोंदी पेनाने कराव्यात. चुकलेल्या नोंदीवर एकच रेघ मारावी. ती खोडू नये आणि पान तर मुळीच फाडू नये. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ आणि खोलीचे तापमान असावे. आकडे आधी सुट्या कागदावर लिहून नंतर वहीत सुंदर अक्षरांत उतरवण्याची सवय प्रात्यक्षिकाच्या गुणांसाठी लागलेली असते, ती पहिल्याच दिवशी सोडावी. उतरवताना नको असलेले आकडे गळतात आणि ते गळल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

गणितात लॉगॅरिदम, ओहमचा नियम, सरासरी आणि प्रमाण विचलन एवढे हातात हवे. यांपैकी काही कच्चे असेल तर दोन आठवडे त्यालाच द्यावेत.

परवानगीचा भाग टाळता येत नाही. पृष्ठवंशीय प्राण्यावरील प्रयोग प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आणि त्याखालील नियमांच्या कक्षेत येतो आणि त्यासाठी संस्थात्मक प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. म्हणून बेडूक, उंदीर किंवा पक्षी पकडून घरी काहीही करू नये. येथे सुचवलेला बोकडाचा मेंदू खाण्यासाठी कापलेल्या जनावराचा आहे, तरीही महाविद्यालयात तो आणण्यापूर्वी विभागप्रमुखांची लेखी संमती घ्यावी. मित्रांवर मोजमापे करायची असतील तर काय मोजणार आणि नोंदी कोण पाहणार हे मराठीत लिहून त्यांची सही घ्यावी. माणसांवरील संशोधनाचे नियम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहेत आणि त्यांतील संमतीचे प्रकरण एकदा पूर्ण वाचावे.

## टप्पा २: पटल आणि आयन, कागदावर

मेंदूचे चित्र उघडण्यापूर्वी नर्न्स्टचे समीकरण हाताने सोडवावे. शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला, एकपट धनभार असलेल्या आयनाचा समतोल दाब मिलीव्होल्टमध्ये असा मिळतो: ६१.५ गुणिले लॉग (बाहेरची संहती भागिले आतली संहती).

पोटॅशियम बाहेर ५ आणि आत १४० मिलीमोल प्रति लिटर धरल्यास उत्तर उणे ८९ च्या जवळ येते. सोडियम बाहेर १४५ आणि आत १२ धरल्यास उत्तर अधिक ६७ च्या जवळ येते. चेतापेशीचा विश्रांतीतील दाब साधारण उणे ७० असतो. तो या दोन टोकांच्या मध्ये, पण पोटॅशियमच्या बाजूला का झुकलेला आहे, याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहावे. विश्रांतीत पटल पोटॅशियमला सोडियमपेक्षा अधिक वाट देते, हा मुद्दा त्यात आलाच पाहिजे.

येथे दोन गैरसमज हमखास आढळतात. पहिला असा की हा दाब सोडियम-पोटॅशियम पंप थेट निर्माण करतो. पंप संहतीतील फरक टिकवून ठेवतो, परंतु दाबातील त्याचा थेट वाटा काही मिलीव्होल्टांपुरताच असतो. दुसरा असा की एका आवेगात, म्हणजे चेतापेशीतून जाणाऱ्या एका विद्युतसंकेतात, आत-बाहेरच्या संहती उलटसुलट होतात. प्रत्यक्षात सुमारे एक मिलीसेकंदाच्या त्या घटनेत इतके थोडे आयन हलतात की मोठ्या चेतापेशीतील संहती जवळपास होती तशीच राहते.

तपासणी: बाहेरचे पोटॅशियम ५ वरून १० केले तर पोटॅशियमचा समतोल दाब किती होईल? उत्तर उणे ७० च्या आसपास आले आणि अशा वेळी पेशी आधी उत्तेजित का होते हे सांगता आले, तरच पुढे जावे.

## टप्पा ३: सिनॅप्स, आपल्या शिवारातून

दोन पेशींमधील सांधा, म्हणजे सिनॅप्स, पाठ करून समजत नाही. तो कुठे कुठे बिघडू शकतो हे पाहिले की समजतो, आणि त्याची उदाहरणे आपल्याकडे दुर्दैवाने भरपूर आहेत. वहीच्या दोन समोरासमोरच्या पानांवर चेता आणि स्नायू यांच्या सांध्याचे मोठे चित्र काढावे आणि पुढील तीन ठिकाणी खुणा कराव्यात.

पहिली खूण चेतातंतूच्या टोकावर करावी, जेथून अ‍ॅसिटिलकोलिन बाहेर पडते. मण्यारच्या विषातील बीटा-बंगारोटॉक्सिन या टोकालाच निकामी करते. दुसरी खूण स्नायूवरील ग्राहीवर (रिसेप्टरवर) करावी, जेथे नागाच्या विषातील चेताविष जाऊन बसते आणि अ‍ॅसिटिलकोलिनची जागा अडवते. तिसरी खूण सांध्यातील एन्झाइमवर, अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजवर करावी. अ‍ॅसिटिलकोलिनचे विघटन करणाऱ्या या एन्झाइमला ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके अडवतात, त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलिन साचत जाते, बाहुल्या बारीक होतात, लाळ आणि घाम सुटतो आणि स्नायू फुरफुरतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्या वर्षीच्या फवारणीचे तपशील ज्यांच्या घरात ठाऊक आहेत त्यांना हे चित्र कोरडे वाटणार नाही.

आता स्वतःला विचारावे की एन्झाइम अडवणारे निओस्टिग्मिन हे औषध नागदंशात उपयोगी पडू शकते, पण मण्यारदंशात त्याचा विशेष उपयोग का होत नाही. चित्रावर बोट ठेवून उत्तर देता आले तर सिनॅप्स समजला. नागदंशात अ‍ॅसिटिलकोलिन सुटत असते आणि ते साचू दिले तर विषाशी स्पर्धा करू शकते, मण्यारदंशात ते सोडणारे टोकच खराब झालेले असते.

पूर्व विदर्भातील विद्यार्थ्यांनी चौथे उदाहरण लाखोळी डाळीचे घ्यावे. तिच्यातील घटक मेंदू आणि मेरुरज्जूतील ग्लुटामेटच्या ग्राहींना वाजवीपेक्षा जास्त उत्तेजित करतो, आणि दीर्घकाळ तीच डाळ मुख्य अन्न झाल्यास पायांत कायमचा ताठरपणा येतो. हा बिघाड स्नायूच्या सांध्यावरचा नाही, म्हणून त्याची खूण आधीच्या चित्रात करू नये. वेगळे चित्र काढावे.

इशारा: हा अभ्यास कागदावरचा आहे. कीटकनाशकाचे लेबल वाचावे, त्यावरील रंगीत त्रिकोण आणि उताऱ्याचे नाव पाहावे, पण बाटली उघडू नये. साप चावल्यास कोणता साप होता यावर घरी चर्चा न करता रुग्णाला थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

## टप्पा ४: बोकडाचा मेंदू

या टप्प्याला पूर्ण महिना द्यावा. येथे सर्वाधिक चुका मेंदू हातात येण्यापूर्वीच होतात.

खाटकाशी बोलणे. मुंडी घेताना खाटीक सवयीप्रमाणे सत्तुराच्या एका घावात ती मधोमध फोडून देतो, आणि त्या घावात अभ्यासाचे सर्व काही संपते. म्हणून आदल्या दिवशीच जाऊन काम समजावून सांगावे, अखंड मुंडी हवी असे सांगावे आणि पूर्ण किंमत द्यावी. सकाळी कापलेली मुंडी बर्फाच्या डब्यात, पिशवीत गुंडाळून, बर्फाला थेट चिकटणार नाही अशी न्यावी. ती गोठवू नये, कारण गोठताना तयार होणारे बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात.

कवटी उघडणे. हॅक्सॉने डोळ्यांच्या खोबणींच्या मागून दोन्ही बाजूंनी उथळ काप घेत मागच्या मोठ्या छिद्रापर्यंत यावे. पुढच्या बाजूला हाडाचे दोन थर लागतात आणि त्यांच्यामध्ये पोकळी असते. ती हवेची पोकळी म्हणजे मेंदूची जागा समजून विद्यार्थी तेथेच थांबतात किंवा घाबरून जोराने आत घुसतात. दुसरा थरही तितक्याच हळू कापावा. शेवटचा मिलीमीटर करवतीने न कापता पटाशीच्या टोकाने उचकून हाड वर घ्यावे.

मेंदू बाहेर काढणे. हाडाखाली पांढुरके, चिवट आवरण दिसते, ते ड्युरा. ते कात्रीने कापावे. दोन गोलार्धांमध्ये आणि प्रमस्तिष्क (मोठा मेंदू) व अनुमस्तिष्क (लहान मेंदू) यांच्यामध्ये आत शिरलेले त्याचे पडदेही आधीच मोकळे करावेत, नाहीतर मेंदू उचलताना तेच पडदे त्याला चिरतात. मग मेरुरज्जू कापून मागून पुढे मेंदू हलकेच उचलत, खालच्या बाजूच्या चेता एकेक करून कापत जावे. पुढच्या टोकाचे घ्राणकंद, म्हणजे वासाचे संकेत घेणारे भाग, हाडाच्या खोलगट जागेत बसलेले असतात, ते चमच्याच्या दांड्याने सोडवावेत. पीयूषिका ग्रंथी बहुधा कवटीच्या तळातील खळग्यातच राहते. ती मेंदूसोबत आली नाही म्हणून काप चुकला असे समजू नये, नंतर ती वेगळी काढून पाहावी.

स्थिरीकरण. ९ ग्रॅम मीठ घातलेल्या एक लिटर पाण्यात मेंदू पटकन धुऊन लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकावा. बाटलीवरील फॉर्मॅलिनमध्ये साधारण ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असते. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग घेतले की १० टक्के फॉर्मॅलिन, म्हणजेच सुमारे ४ टक्के फॉर्मल्डिहाइड तयार होते. हे दोन आकडे एकच समजून सुमारे अडीचपट तीव्र द्रावण बनवण्याची चूक नेहमीची आहे. विभागात सोडियम फॉस्फेटचे क्षार असतील तर प्रति लिटर ४ ग्रॅम मोनोबेसिक आणि ६.५ ग्रॅम डायबेसिक घालून द्रावण उदासीन करावे. द्रावण ऊतीच्या किमान दहापट असावे. मेंदू तळाशी टेकला की चपटा होतो, म्हणून खालच्या बाजूच्या मधल्या धमनीखालून दोरा ओवून तो रुंद तोंडाच्या बरणीत लोंबता ठेवावा. एक दिवसानंतर द्रावण बदलावे आणि पुढे दोन आठवडे बरणीला हात लावू नये. आठवडाभरातच कापून पाहण्याचा मोह फार होतो, आणि मग बाहेर घट्ट पण आत गुलाबी व लिबलिबीत असा मेंदू सुरीखाली फाटतो.

इशारा: फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे. ते घरी आणू नये. काम उघड्या खिडक्यांजवळ किंवा धूर-कपाटाखाली, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे. साध्या सर्जिकल मास्कने त्याची वाफ अडत नाही. वापरलेले द्रावण नाल्यात न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये साठवून विभागाच्या कचरा-व्यवस्थेकडे द्यावे, आणि कापलेले तुकडे कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नयेत.

पाहणे आणि कापणे. मेंदू रात्रभर पाण्यात, पाणी बदलत धुवावा. कापण्यापूर्वी वरून, खालून, बाजूने आणि मागून अशी चार चित्रे काढावीत, फोटो पुरेसा नाही. पुस्तकातील चित्र माणसाच्या मेंदूचे असते आणि विद्यार्थी समोरच्या मेंदूऐवजी पुस्तक पाहून चित्र काढतात. बोकडाचे घ्राणकंद ठळक असतात आणि मेंदू मेरुरज्जूच्या जवळपास सरळ रेषेत असतो. हे दोन फरक चित्रात नसतील तर ते पुन्हा काढावे.

लांब पात्याच्या सुरीने, पुढे-मागे न घासता, एकाच ओढीत मधोमध उभा काप घ्यावा. दोन गोलार्धांना जोडणारा पांढरा पट्टा, त्याखालील थॅलॅमस, आणि अनुमस्तिष्कातील फांद्यांसारखी पांढरी नक्षी एका नजरेत दिसते. एका अर्ध्या भागाच्या एक-एक सेंटीमीटर जाडीच्या आडव्या चकत्या कराव्यात आणि प्रत्येक चकतीत करडा आणि पांढरा भाग कुठे आहे ते रंगवावे. दुसऱ्या अर्ध्या भागात पांढऱ्या पट्ट्याच्या वरचे आवरण बोथट दांड्याने थोडे थोडे काढत पार्श्व पोकळी उघडावी. तिच्या तळाशी गुळगुळीत, वाकलेली, चमकदार पांढरी कड दिसते, तो हिप्पोकॅम्पस. घाई केली तर पोकळी उघडण्याऐवजी हिप्पोकॅम्पसच खरवडला जातो.

तपासणी: करडा भाग करडा आणि पांढरा भाग पांढरा का दिसतो, हे पेशीकाया आणि मायलिन या दोन शब्दांत सांगता यावे. त्याच ओघात रंजकांचेही ध्यानात घ्यावे: निस्सल रंजक पेशीकाया दाखवते, लक्सॉल फास्ट ब्लू मायलिन दाखवते, आणि गॉल्गी पद्धतीत थोड्याच पेशी रंगतात, पण त्या पूर्ण, फांद्यांसह रंगतात.

## टप्पा ५: स्वतःच्या स्नायूचे विद्युतसंकेत

ईईजीपासून, म्हणजे डोक्यावरून मेंदूचे विद्युतसंकेत नोंदवण्यापासून, सुरुवात करू नये. डोक्यावर मिळणारा संकेत दहा ते शंभर मायक्रोव्होल्टांचा असतो आणि पापणी लवली किंवा जबडा आवळला तरी तो झाकला जातो. अशा नोंदीत नवशिक्याला स्वतःच्या जबड्याचे स्नायू दिसतात आणि तो त्यांना विचार समजतो. हाताच्या स्नायूचा संकेत त्याहून बराच मोठा असतो आणि तो स्वेच्छेने चालू-बंद करता येतो, म्हणून खरे-खोटे तपासता येते.

बॅटरीवर चालणारे जैवसंकेत-अ‍ॅम्प्लिफायर, औषधांच्या दुकानातील ईसीजीची जेल असलेली तीन इलेक्ट्रोड आणि एक लॅपटॉप एवढे पुरते. कोपर ते मनगट या भागाच्या आतल्या बाजूची त्वचा स्पिरिटच्या कापसाने पुसून कोरडी होऊ द्यावी. दोन इलेक्ट्रोड स्नायूच्या लांबीच्या दिशेने, मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे दोन-तीन सेंटीमीटर अंतरावर लावावीत. तिसरे कोपराच्या हाडावर लावावे.

इशारा: अंगावर इलेक्ट्रोड असताना लॅपटॉप चार्जरला जोडलेला नसावा, आणि साखळीतील कोणतेही उपकरण भिंतीच्या वीजजोडणीवर नसावे. यात कोणतीही सवलत घेऊ नये.

नोंदींचा क्रम असा ठेवावा:

१. दोन्ही निवेश (इनपुट) तारा एकमेकींना जोडून एक मिनिट नोंद घ्यावी. हा उपकरणाचा स्वतःचा गोंगाट.
२. इलेक्ट्रोड लावून हात सैल ठेवून एक मिनिट.
३. हलकी मूठ, विश्रांती, घट्ट मूठ, विश्रांती.

पहिली नोंद बहुतेक जण वगळतात, आणि नंतर पडद्यावर दिसणारी प्रत्येक हालचाल स्नायूची समजतात. शिखरे नेमकी २० मिलीसेकंदांच्या अंतराने येत असतील तर ती ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची आहेत. पंखा, ट्यूबलाइट आणि शेजारची मोटार बंद करून पुन्हा पाहावे, तारा एकमेकींभोवती पिळून घ्याव्यात. आपल्याकडे भारनियमनाची वेळ या कामाला फार चांगली, कारण आसपासच्या वाहिन्यांचा गोंगाट थांबतो, मात्र तेव्हा घरातील इन्व्हर्टरही बंद हवा. काही इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते आणि तिचा गोंगाट साध्या विजेपेक्षा अधिक पसरलेला येतो.

नोंद सेकंदाला किमान १००० नमुन्यांनी घ्यावी आणि २० ते ४५० हर्ट्झचा पट्टा ठेवावा. गाळणी न लावलेली मूळ फाइल वेगळी जपावी. गाळलेल्या फाइलवरून मूळ फाइल परत मिळत नाही.

## टप्पा ६: पट्टी आणि प्रयोगाची रचना

तीस सेंटीमीटरची पट्टी मित्राच्या उघड्या बोटांमधून सोडावी आणि ती किती सेंटीमीटरवर पकडली ते लिहावे. अंतर मीटरमध्ये घेऊन, त्याची दुप्पट ९.८ ने भागून वर्गमूळ काढले की प्रतिसादाचा वेळ सेकंदांत मिळतो. २० सेंटीमीटरला तो साधारण ०.२० सेकंद, १५ सेंटीमीटरला ०.१७५ सेकंद येतो.

प्रयोग सोपा आहे, आणि म्हणूनच रचनेतील चुका त्यात उघड दिसतात. डावा आणि उजवा हात यांची तुलना करायची असेल तर क्रम नाणेफेकीने ठरवावा. सर्व उजवे प्रयत्न आधी घेतले तर सराव आणि थकवा हाताच्या फरकात मिसळतात. सुरुवातीचे किती प्रयत्न सरावाचे धरायचे हे आकडे पाहण्यापूर्वीच लिहून ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाच मित्रांचे प्रत्येकी वीस प्रयत्न घेतले तरी नमुना पाचच राहतो, शंभर होत नाही. एकाच झाडाची शंभर बोंडे मोजून शेताचा उतारा सांगता येत नाही, तसेच हे आहे. मेंदूच्या संशोधनात एकाच उंदराच्या पन्नास पेशी मोजून त्यांना पन्नास स्वतंत्र नमुने म्हणण्याची चूक छापील शोधनिबंधांतही आढळते, म्हणून ती ओळखण्याची सवय येथेच लावावी.

## टप्पा ७: प्रत्येक तंत्राला चार प्रश्न

आता मोठ्या तंत्रांकडे वळावे. वहीत एकेका तंत्रासाठी एक पान ठेवून चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत: ते थेट काय मोजते, किती वेगाने, किती बारीक जागेपर्यंत, आणि त्यावरून कारण सिद्ध होते की केवळ सहसंबंध.

पॅच क्लॅम्प एका पेशीचा, कधी एका आयनमार्गाचाही प्रवाह मोजतो. कॅल्शियम इमेजिंग अनेक पेशी एकाच वेळी दाखवते, परंतु ते कॅल्शियमची चमक मोजते आणि ती आवेगापेक्षा बरीच मंद असते. एफएमआरआय (चुंबकीय मेंदूचित्रण) रक्तातील ऑक्सिजनशी निगडित बदल मोजते, त्याचे शिखर घटनेनंतर पाच-सहा सेकंदांनी येते आणि चित्राच्या एका ठिपक्यात लाखो पेशी असतात. "हा भाग पेटला" या वाक्याने समाधान होत असेल तर हे पान पुन्हा लिहावे. ऑप्टोजेनेटिक्समध्ये प्रकाशाने ठरावीक पेशी चालू किंवा बंद करता येतात, म्हणून तेथे कारणाविषयी बोलता येते. तरीही पेशी चालू केल्याने वर्तन घडले म्हणजे नेहमीचे वर्तनही त्याच पेशींमुळे घडते, असे त्यावरून ठरत नाही.

शोधनिबंध वाचताना सारांशाआधी आकृत्या आणि पद्धतींचा विभाग वाचावा. प्रत्येक आकृतीखाली नमुना किती आणि तो कशाचा, हे शोधून वहीत लिहावे. अ‍ॅलन ब्रेन अ‍ॅटलसमध्ये उंदराच्या मेंदूच्या चकत्या मोफत पाहता येतात. आपल्या बोकडाच्या चकत्यांशेजारी त्या ठेवून फरक टिपावेत.

## टप्पा ८: प्रयोगशाळेला पत्र

तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती हा विद्यार्थ्यांसाठी खुला मार्ग आहे. तिची सूचना हिवाळ्याच्या तोंडावर निघते, म्हणून संकेतस्थळ सप्टेंबरपासूनच पाहत राहावे. मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूचे निम्हान्स आणि पुण्याचे आयसर येथील प्राध्यापकांना स्वतंत्र पत्रही लिहिता येते. एकच मजकूर सर्वांना पाठवू नये. त्या प्रयोगशाळेचा एक निबंध वाचून त्यातील एका आकृतीविषयी नेमका प्रश्न विचारावा, आणि सोबत वहीतील चार-पाच पानांचे स्पष्ट फोटो जोडावेत: मेंदूची चित्रे, गोंगाटाची पहिली नोंद, पट्टीचे मूळ आकडे. खोडाखोडीच्या रेघा दिसत असतील तर त्या दिसू द्याव्यात.

पत्र पाठवण्यापूर्वी विभागातील मायक्रोपिपेटवर हात बसवून घ्यावा, कारण प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी तीच हातात येते. द्रव खेचताना अंगठा पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचा असतो आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत. खेचतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबल्याने जास्त द्रव येतो, आणि ही चूक नुसत्या डोळ्यांनी सहज लक्षात येत नाही. म्हणून १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा अचूक तराजूवर तोलावे. प्रत्येक वेळी ०.१ ग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवे. ते दहा आकडे, त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन यांचे पानही पत्रासोबतच्या फोटोंत ठेवावे.